निर्णय तिचा, साथ तुमची: लैंगिक अत्याचारानंतरच्या आधाराविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्या मैत्रिणीवर दोन दिवसांपूर्वी ओळखीतल्याच माणसाने बलात्कार केला. तक्रार करायची की नाही, हे तिचं ठरत नाहीये. मी तिच्या मागे लागू का?

नका लागू. तिच्या मर्जीला किंमत न देता जे घडलं, त्यानंतर पुन्हा कुणीतरी तिच्या वतीने ठरवायला लागलं तर तिला सावरायला जागाच उरत नाही. तक्रारीचा विचार ती सवडीने करू शकेल.

दवाखान्याचं मात्र आजच बोला. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी पाच दिवसांपर्यंत घेता येते, पण जितकी लवकर घ्याल तितका उपयोग जास्त. त्या वेळचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे का, हे आत जाण्याआधीच विचारून तिला सांगा.

प्रश्न : माझी २६ वर्षांची बहीण बौद्धिकदृष्ट्या अक्षम आहे, मोजकंच बोलते. हल्ली ती आंघोळ घालू देत नाही, केंद्राच्या गाडीत बसायला नकार देते. डॉक्टर म्हणाले, अशा मुलांचं असंच असतं.

या उत्तरावर समाधान मानू नका. वागण्यातला प्रत्येक बदल अपंगत्वाच्या खात्यावर टाकला की खरं कारण शोधायचं राहूनच जातं. तुम्ही तिला जन्मापासून ओळखता. हे नवीन आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर ते नवीन आहे. काय बदललं, कधीपासून, कोण जवळ आलं की ती आकसते, हे तारखांसह लिहून ठेवा.

विचारताना फार जपा. ‘ड्रायव्हरने हात लावला का?’ असं विचारलंत, तर तुम्हाला बरं वाटावं म्हणूनही ती ‘हो’ म्हणेल आणि पुढे तिच्या खऱ्या शब्दांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. ‘गाडीत काय होतं?’ एवढंच विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत टिपा आणि थांबा. पुढचं बोलणं अशा कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीवर सोपवा. बोलण्याऐवजी बोट ठेवून सांगण्यासाठी ती चित्रांचा तक्ता वापरत असेल तर तो एकदा नीट पाहा. पाणी, जेवण, टीव्ही सगळं असतं; गुप्तांगांची चित्रं नसतात, ‘नको’ नसतं, ‘कुणाला सांगू नको म्हणाला’ हे तर नसतंच. बोट ठेवायला चित्रच नसेल तर ती सांगणार कशी? हे तक्ते बनवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पुराव्याची वाट न पाहता तिला त्या गाडीतून पाठवणं आजच बंद करा. तपासणीला नेताना, ज्याच्याविषयी शंका आहे तो सोबत नको. तपासणीत काय करणार ते तिला आधी दाखवायला सांगा. तिने हात झटकला तर तोही नकारच.

प्रश्न : माझा भाऊ कर्णबधिर आहे. त्याच्यावर अत्याचार झाला. जबाबाच्या वेळी आईने दुभाषी म्हणून बसावं का?

नको. आईसमोर तो निम्मं गिळून टाकेल आणि आईही ऐकवणार नाही ते वगळेल. सांकेतिक भाषेचा व्यावसायिक दुभाषीच मागा. कर्णबधिरांच्या वर्तुळात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून हा दुभाषी चालेल का, हे आधी भावाला विचारा.

प्रश्न : माझ्या मुलीवर बलात्कार झाला. ‘ओरडली का नाहीस?’ असं तिचे वडील तिला सारखं विचारतात. ती म्हणते, हलताच आलं नाही.

ती खरं सांगते आहे. जिवावर बेतलं की शरीर थिजतं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. यात संमती कुठेच नसते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॉकहोममधल्या एका अभ्यासात, बलात्कारानंतर उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्के जणींनी असंच थिजल्याचं सांगितलं होतं. अशा स्त्रियांना पुढे नैराश्य येण्याचा धोकाही जास्त दिसला. म्हणून तो प्रश्न थांबायलाच हवा. नुसतं गप्प बसूनही भागणार नाही, कारण ती तो स्वतःलाही विचारत असणार. ‘मी तसं विचारायला नको होतं, तुझं काही चुकलं नाही,’ हे वडिलांनीच तिला सांगायला हवं.