‘कुणाची गं तू?’

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

मुंबईहून परतल्यापासून तू एक प्रश्न मनात घेऊन वावरत होतीस आणि परवा रात्री दिवा मालवताना तो अखेर विचारलास. भायखळ्याच्या चर्चमध्ये नाताळच्या उपासनेनंतर पांढऱ्या लुगड्यातल्या एका आजींनी तुझी हनुवटी धरून “कुणाची गं तू?” असे विचारले होते. तू दत्तक आहेस हे त्यांना कळले होते का, मराठी माणसे असे का विचारतात आणि तू काय उत्तर द्यायला हवे होतेस, हे तुला जाणून घ्यायचे आहे. मी “उद्या सांगते” म्हणाले, कारण झोपेच्या वेळी दोन वाक्यांत उरकण्याजोगे ते नव्हते. आता सावकाश लिहिते. एखादा शब्द अडला तर बाबांना विचार.

पहिली गोष्ट अशी की त्या आजींना तुझ्याविषयी काहीही माहीत नव्हते. हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक लहान मुलाला विचारतात. मी चाळीच्या जिन्यावरून उतरताना, वाण्याच्या दुकानात खोबरेल तेलाची बाटली घेऊन उभी असताना, रविवारच्या शाळेतून बाहेर पडताना तो शेकडो वेळा ऐकला आहे. त्यात हेटाळणी नसते. समोरच्या मुलाला कोणत्या घराशी जोडायचे, एवढेच विचारणाऱ्याला हवे असते. घर कळले की लगेच पुढचे सुरू होते: तुझ्या आजीचा गुडघा कसा आहे, तुझ्या आत्याचे लग्न मी पाहिले आहे, तुझे आजोबा गायनमंडळात माझ्या भावाशेजारी उभे राहायचे.

तू मात्र दचकलीस. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला होते आणि तुझा चेहरा मला दिसत होता. हातातली करंजी तू तशीच धरून ठेवलीस, तिचा काठ तुझ्या बोटांत चुरला आणि तू हळूच इंग्रजीत सांगितलेस की मी न्यू जर्सीहून आले आहे. आजींनी मान डोलावली खरी, पण त्यांनी गाव विचारले नव्हते. तेव्हाच मी पुढे यायला हवे होते. मी आले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

या प्रश्नाचे उत्तर मराठी माणसाच्या नावातच असते. आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. इथल्या शाळेत तुझ्या बाबांचे नाव आखडून एका ‘डी’ अक्षरावर येते आणि त्या ‘डी’चा अर्थ तुझ्या वर्गात कुणाला ठाऊक नाही. मुंबईत ते मधले नावच आधी ऐकले जाते. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, तर त्याला आणखी महत्त्व आहे. आपली बहुतेक कुटुंबे मूळची नगरकडची. अमेरिकन मराठी मिशनचे लोक, म्हणजे अमेरिकेतून आलेले धर्मप्रचारक, १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला काम सुरू केले. (अमेरिकेतून आलेल्या लोकांमुळे ख्रिस्ती झालेले आपले घराणे काही पिढ्यांनी त्यांच्याच देशात राहायला आले, याचे तुझ्या आजोबांना फार नवल वाटत असे.) ख्रिस्ती झाल्यावर आपल्या लोकांनी गावाकडची आडनावे सोडली नाहीत. त्यामुळे एकाच रविवारी एकाच चर्चमध्ये एकाच आडनावाची सात-आठ घरे बसलेली असतात, आणि आडनाव सांगून कुणाला काही उमगत नाही. “दानिएलची” म्हटले की उमगते.

हे ‘दानिएल’ तुझ्या नावात यायला तीन वर्षे लागली. तेही तुला सांगायला हवे, कारण बाकीच्या मुलांच्या नावात ते जन्मदाखल्याबरोबर आपोआप येते.

आम्ही २०१३ मध्ये सुरुवात केली, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. इथल्या समाजसेविका घरी आल्या. त्यांनी आमचे लग्न, पगार, आजारपणे, रागावल्यावर आम्ही कसे वागतो, हे सगळे विचारले आणि आमच्यावर एक लांबलचक अहवाल लिहिला. बाबा तोवर अमेरिकेचे नागरिक झाले होते, म्हणून आम्ही मूल आणण्यास योग्य आहोत अशी मंजुरी आधी इथल्या सरकारने द्यायची, मग दिल्लीच्या ‘कारा’ने म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने आमची कागदपत्रे पाहायची, असा क्रम होता. एका देशातले मूल दुसऱ्या देशात जाताना विक्री किंवा फसवणूक होऊ नये, म्हणून १९९३ मध्ये हेग येथे एक करार झाला आणि भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी लिहिलेल्या एका पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकाविषयी नियम घालून दिले होते. त्या काळी पुरेशी चौकशी न होता मुले बाहेर नेली जात, अशी त्यांची तक्रार होती. कागदांना लागणाऱ्या वेळाने मी अनेकदा रडकुंडीला आले, पण त्या प्रत्येक शिक्क्यामागे कुणाचे तरी पळवलेले किंवा विकलेले मूल उभे आहे, हे कळल्यावर माझी तक्रार थांबली.

आपण ख्रिस्ती आहोत म्हणूनही यात एक जुनी अडचण होती. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी होता. ख्रिस्ती, मुसलमान आणि पारशी जोडप्यांना त्याखाली मूल दत्तक घेता येत नसे. त्यांना १८९० च्या कायद्याप्रमाणे न्यायालयातून फक्त पालकत्व मिळे. तुझ्या आजोबांच्या चुलतबहिणीने अशीच एक मुलगी सांभाळली होती. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत ती लेक होती आणि सरकारी कागदावर पाल्य. आत्याआजींच्या घरात तिच्यावर माया कमी नव्हती, पण “कुणाची गं तू?” या प्रश्नाचे कायद्याने मान्य केलेले उत्तर त्या मुलीजवळ नव्हते. पुढे बाल न्याय कायदा आला, २००६ मध्ये त्यात दत्तकाची व्याख्या नीट केली गेली आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला त्या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितले. ते तुझ्या जन्माचे वर्ष. तुझा निकाल २०१५ च्या नव्या कायद्याखाली झाला. मुंबईच्या न्यायालयात, बंद दालनात, न्यायाधीशांनी कागद वाचला तेव्हा मला एकच वाक्य नीट ऐकू आले: आजपासून हे मूल सर्व अर्थांनी या दांपत्याच्या पोटी जन्मल्याप्रमाणे मानले जाईल. तू त्या वेळी बाबांच्या खिशातले पेन काढून त्याचे टोपण चावत होतीस.

‘सायली’ हे नाव आम्ही ठेवलेले नाही. संस्थेत तुला सांभाळणाऱ्या ताईंनी ते ठेवले होते. तुला आणले त्या पावसाळ्यात कुंपणावरचा वेल फुलला होता, असे त्या म्हणाल्या. एका नातेवाईकांनी तेव्हा आग्रह धरला की नाव बदलून बायबलमधले ठेवा, म्हणजे मूल पुरते आपले होईल. आम्ही ते ऐकले नाही. तू अडीच वर्षांची होतीस, घर, भाषा, माणसे, भात भरवणारा हात, सगळे तुझ्यापासून सुटणार होते आणि हाक मारल्यावर तू वळून पाहायचीस ती याच नावाला. ते घेऊन आम्ही तुला दुसरे दिले असते तर तो अन्याय झाला असता. म्हणून पहिले नाव तुझे, मधले बाबांचे. तुला आमच्या हाती दिले त्या दिवशी तू ताईंचा पदर सोडत नव्हतीस. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातातली लाल प्लास्टिकची बांगडी काढून तुझ्या मुठीत दिली, आणि ती मूठ तू दिल्लीला व्हिसासाठी गेलो तेव्हाही उघडली नव्हतीस. न्यूअर्कला पासपोर्टवर शिक्का बसला तेव्हा तू इथली नागरिक झालीस, पण तुझ्या ध्यानात बांगडी होती. ती माझ्या कपाटातल्या स्टीलच्या डब्यात आहे. हवी तेव्हा माग.

विमानात बसण्याआधी आपण चार दिवस आजीकडे राहिलो. आजीने तुला दारातच थांबवले, भाकरीचा तुकडा ओवाळून बाहेर टाकला, तुझ्या पायांवर तांब्यातले पाणी घातले आणि मग आत घेऊन तुझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ख्रिस्ती घरात हे कशाला, असे शेजारच्या एक बाई म्हणाल्या. आजी म्हणाली, “लांबून लेकरू घरी आलं, त्याचा शिणवटा काढते. देवाला त्यात काय वाईट वाटायचं?” माझेही मत तिच्यासारखेच आहे. नाताळला आपल्याकडे करंज्या आणि चकल्या असतात, दारावर चांदणी लागते आणि घरात आलेल्या मुलावरून तुकडा ओवाळतात. प्रभूवरचा विश्वास आणि मराठीपण यांत निवड करायला आपल्या घरात कुणी कधी सांगितले नाही, आणि तुलाही कुणी सांगू नये.

मग आजीने कपाटातून घराचे जुने बायबल काढले. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर पणजोबांपासून सगळ्यांचे जन्म, बाप्तिस्मे आणि लग्ने लिहिलेली आहेत. तुझे नाव कुठे लिहायचे याचा तिने बराच वेळ विचार केला. शाईचे पेन मागवले, चष्मा पुसला आणि जन्मांच्या रांगेत, तुझ्या आत्येभावाच्या खाली, तुझी खरी जन्मतारीख घातली. पुढे लिहिले: ‘सायली दानिएल. घरी आली, डिसेंबर २०१६.’ एवढेच. ‘दत्तक’ हा शब्द तिने लपवण्यासाठी गाळला नाही. शेजारपाजारी सगळ्यांना तिने स्वतःच सांगितले होते. त्या पानावर घरात कोण आहे ते लिहितात, आणि तू होतीस.

त्याच बायबलात नव्या कराराच्या सुरुवातीला एक वंशावळ आहे, जी तू वाचताना नेहमी गाळतेस. अब्राहामापासून नावामागून नाव येत ती योसेफापर्यंत पोहोचते. येशू योसेफाच्या रक्ताचा नव्हता, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते आणि ते तो पुढच्याच ओळींत सांगतो. तरीही वंशावळ त्याने योसेफाचीच दिली. गावातले लोकही येशूला पाहून, हा सुताराचाच मुलगा ना, असे विचारत. तोही ‘कुणाचा रे तू’ असाच प्रश्न होता. मंडळीतल्या कुणीतरी एकदा मला “रक्त कुठलं कोण जाणे” असे ऐकवले, तेव्हा हे पान माझ्या उपयोगी पडले.

आता एक अवघड गोष्ट. तुझ्या प्रश्नात दुसरा एक प्रश्न दडला आहे, हे मला कळते. ज्या आईने तुला जन्म दिला तिची तू नाहीस का? आहेस. तिने बालकल्याण समितीसमोर कागदावर सही केली. त्यानंतर तिला फेरविचारासाठी साठ दिवस मिळाले, आणि ते पूर्ण झाल्यावरच समितीने तुला दत्तकासाठी मोकळे केले. ते साठ दिवस तिने कसे काढले असतील, याचा विचार मी अनेक रात्री केला आहे. ‘दत्त’ म्हणजे दिलेले, आणि आपण म्हणतो ‘दत्तक घेतले’. देणारी आणि घेणारी अशा दोघी त्या दोन शब्दांत आहेत. तिचे नाव संस्थेच्या फायलीत गुप्त ठेवलेले आहे आणि तिच्या संमतीवाचून ते कुणी सांगू शकत नाही. तू अठरा वर्षांची झालीस की स्वतः अर्ज करू शकतेस. त्याआधी वाटले तर आम्ही दोघे तुझ्याबरोबर अर्ज करू. आम्हांला वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस. रोज रात्रीच्या प्रार्थनेत बाबा एका बाईसाठी नाव न घेता प्रार्थना करतात, ती कोण, हे तू मागे विचारले होतेस. ती हीच.

पुढच्या वेळी त्या आजी भेटल्या, आणि त्या भेटतीलच, कारण त्या दर रविवारी त्याच बाकावर बसतात, तर आधी हात जोडून ‘सलाम’ म्हण आणि मग पूर्ण नाव सांग. तुझा जन्म, तुझी फाईल, न्यायालय, यातले काहीही सांगायला तू बांधलेली नाहीस. सांगावेसे वाटले तर तुझी मर्जी. बहुधा त्या म्हणतील, “अगं, म्हणजे आपल्या दानिएलची!” आणि पिशवीतला डबा उघडतील. त्यांच्या करंजीत खसखस जास्त असते. त्या दिवशी चुरलेली तू शेवटी खाल्ली नाहीसच, रुमालात बांधून माझ्या पर्समध्ये ठेवलीस आणि ती मला इथे आल्यावर सापडली.

तुझी,
आई