डॉटनेट ८ मध्ये प्रोसेस.स्टार्टने पीडीएफ उघडत नाही: उत्तर

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये प्रोसेस.स्टार्टला (कोडमधून प्रोग्रॅम किंवा फाइल उघडणारी मेथड) बिलाच्या पीडीएफचा पाथ दिला की फाइल उघडायची, आणि प्रोजेक्ट डॉटनेट ८ वर नेल्यावर तीच ओळ एरर देते, असं तुमचं म्हणणं. फाइल ठीक असणार, तिच्यामागे लागू नका.

यूज-शेल-एक्झिक्यूट ही प्रॉपर्टी ट्रू असली की विंडोज फाइल तिला जोडलेल्या प्रोग्रॅममध्ये उघडतं; फ्रेमवर्कमध्ये ती डिफॉल्ट ट्रू होती. डॉटनेट कोअरपासून (डॉटनेट ८ त्याचीच पुढची आवृत्ती) ती फॉल्स झाली. फॉल्स असताना विंडोज तुमची पीडीएफच प्रोग्रॅम म्हणून चालवायला जातं, आणि ती काही ईएक्सई नव्हे. प्रोसेस.स्टार्टला द्यायचा सेटिंग्जचा ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोसेस-स्टार्ट-इन्फो बनवा, फाइल-नेममध्ये पूर्ण पाथ द्या आणि ही प्रॉपर्टी ट्रू करा. बहुतेकांचं काम एवढ्यावर भागतं. ॲडोबी रीडरच्या ईएक्सईचा पाथ कोडमध्ये कोंबायचा सल्लाही मिळेल. तो घेऊ नका; ग्राहकाकडे पीडीएफसाठी नुसतं एज ब्राउझर असलं की पुन्हा फोन सुरू.

तरीही 'या फाइलला कोणताही प्रोग्रॅम जोडलेला नाही' असं आलं, तर त्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये पीडीएफसाठी डिफॉल्ट ॲप निवडा.

प्रोसेस संपेपर्यंत थांबणाऱ्या वेट-फॉर-एक्झिटवर मात्र भिस्त ठेवू नका. रीडर आधीच उघडा असेल तर नवी प्रोसेस फाइल त्याच्याकडे सोपवून लगेच संपते, कधी स्टार्टकडून नलच (प्रोसेसऐवजी रिकामं उत्तर) परत येतं. 'युजरने बंद केली की टेम्प फाइल डिलीट' हा बेत तिथेच फसतो. टेम्प फाइल्स प्रोग्रॅम पुढच्या वेळी सुरू होताना साफ करा.

आणि हा कोड विंडोज सर्व्हिसमध्ये (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) असेल तर खिडकी दिसणारच नाही: विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस युजरच्या डेस्कटॉपपेक्षा वेगळ्या सेशनमध्ये, सेशन शून्यमध्ये चालतात.