खिचडी बंद झाल्यावर

शाळेला सुट्टी लागली की माझ्याकडे तेच प्रश्न पुन्हा येतात. यंदाचे चार निवडले आहेत.

पालिकेच्या शाळेतलं जेवण मे महिन्यातही मिळतं का? (गोवंडी)

नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यातच शाळेच्या सुट्ट्या वगळल्या आहेत. उन्हाळ्यात जेवण द्यायचा सर्वोच्च न्यायालयाचा २००४चा आदेश दुष्काळी भागांपुरता होता.

धाकटी चार वर्षांची आहे. अंगणवाडीही बंद असते का?

शाळेसारखी लांब सुट्टी तिला नसते. शेजारणीवर विसंबू नका, सेविकेला विचारा.

मुलगा तिसरीत आहे. दुकानदार म्हणतो, खिचडीऐवजी दुधात पावडर द्या, सगळं भरून निघेल. देऊ का? (भांडुप)

दुकानदार डबा विकतो, बाई. तो दुसरं काय सांगणार?

पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेतल्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. पावडरीच्या दोन चमच्यांत ते कुठून येणार? डबा उलटा करून घटकांची यादी वाचा, साखर कितवी आहे ते बघा; यादीत जितकी वर, तितकी जास्त. ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्या अन्नाच्या दर्जाच्या कायद्यात (२००६चा, वरचा २०१३चा नव्हे) नाही, म्हणून २०२४मध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना ही पेयं त्या नावाखाली विकू नका, असं बजावलं. गल्लीतल्या दुकानात मात्र पाटी तशीच आहे. गेल्या मेमध्ये एका आईने पिशवीतून असाच डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. लवकर संपू नये म्हणून ती अर्धाच चमचा घालायची, आणि दूध परवडत नाही म्हणून तोही पाण्यात! त्या पैशांत किती अंडी आली असती, हा हिशोब मी तिच्यासमोर केला नाही. इथे करते: एक अंडं आणि मूठभर शेंगदाणे, झाली साधारण बारा ग्रॅम प्रथिनं. सोबत भाकरी किंवा वरणभात, वर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा नको, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. शेंगदाण्याने अंगावर पुरळ किंवा ओठांना सूज येत असेल, तर ते बंद करून आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि रेशनचं धान्य दर महिन्याला उचलता ना? मुलाचं नाव कार्डावर आहे का, तेही तपासा. प्राधान्य गटात माणशी पाच किलो मिळतं.

सुट्टीत पोरगी बारीक झालीय. शाळेत खिचडी सुरू झाली की भरेल, असं सासूबाई म्हणतात.

जूनची वाट बघू नका. या आठवड्यात पालिकेच्या दवाखान्यात वजन-उंची करून घ्या. ताप, खोकला किंवा जुलाब असतील तर उद्याच जा.