कुंदा, करदंट, मिरची आणि मशीन लर्निंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बेळगावात आमचा कुंद्याचा (दूध आटवून केलेल्या मिठाईचा) धंदा आहे. कुंद्याला रंग किती येऊ द्यायचा यावर घरातच दोन मतं आहेत. गिऱ्हाइकांना गडद आणि फिका असे दोन नमुने देऊन गुण घेतले, तर सरासरी सारखीच आली. आता एआयला विचारून ठरवता येईल का?

सरासरी सारखी आली म्हणून दोन्ही कुंदे सारखेच आवडले, असं समजू नका. समजा, निम्म्या लोकांनी गडद कुंद्याला ८ आणि फिक्याला ५ गुण दिले, उरलेल्यांनी बरोबर उलटे. दोन्हींची सरासरी ६.५. प्रत्यक्षात मात्र तुमच्याकडे दोन वेगळ्या आवडीची गिऱ्हाइकं आहेत. त्यांचा मान राखायला म्हणून मधल्या रंगाचा कुंदा केलात, तर तो कदाचित कुणाचाच आवडता होणार नाही. आवडीनुसार असे गट शोधणं, म्हणजे क्लस्टरिंग, हे मशीन लर्निंगचं उपयोगी काम आहे. पण त्यासाठी पाच-सहा नमुने आणि शंभरेक चाखणारे हवेत. दोनच नमुने असतील तर प्रत्येकाच्या दोन गुणांची वजाबाकी करून कागदावर मांडा. गट असतील तर डोळ्यांनीच दिसतील.

सगळं अवलंबून आहे ते गुण कसे घेतले यावर. १ ते ९ गुणांची आवडीची पट्टी वापरा. अमेरिकी लष्करासाठीच्या अन्नसंशोधनातून ती आली आणि आजही जगभर चालते. वाट्यांवर ‘जुना’, ‘नवा’ असं लिहू नका. तीन आकडी क्रमांक टाका. निम्म्यांना आधी गडद द्या, निम्म्यांना आधी फिका, कारण पहिल्या घासाला गुण बरेचदा जास्त पडतात. आणि दुकानातली माणसं, नातेवाईक यांना यातून वगळाच.

प्रश्न : मी फूड टेक्नॉलॉजीची विद्यार्थिनी आहे, गाव गोकाक. सहा दुकानांचा करदंट (गूळ, डिंक, सुकामेव्याची मिठाई) घेऊन यंत्रावर त्याचा कडकपणा, चिवटपणा मोजला आणि दहा जणांच्या प्रशिक्षित पॅनेलकडून प्रत्येकी पाच वेळा गुण घेतले. ३०० ओळींचा डेटा झाला. मापांवरून गुण सांगणाऱ्या रँडम फॉरेस्ट मॉडेलची (अनेक निर्णयवृक्षांची उत्तरं एकत्र करणारी पद्धत) अचूकता ९२ टक्के येते. तरी सर म्हणतात, विश्वास ठेवू नकोस. का?

तुमच्या सरांचं बरोबर आहे, आणि हा मुद्दा नीट समजून घ्या. ओळी ३०० असल्या तरी करदंट सहाच आहेत. तुम्ही ओळी पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला ठेवल्या असणार. मग एकाच दुकानाचा करदंट दोन्हीकडे आला. मॉडेलने त्या दुकानाची खूण पाठ केली आणि परीक्षेत तीच ओळखून दाखवली. गूळ, डिंक, सुकामेवा यांचं प्रमाण बदललं की चावताना काय फरक पडतो, हे ते शिकलंय की नाही, ते यातून कळतच नाही.

एक दुकान पूर्णपणे बाजूला ठेवा, पाचांवर शिकवा, सहाव्यावर तपासा. आळीपाळीने सहाही दुकानांचं असं करा. अचूकता घसरली तर घाबरू नका, तीच तुमची खरी अचूकता. सोबत एक साधी तुलनाही द्या : प्रत्येक वेळी नुसता सरासरी गुण सांगितला असता तर किती चूक झाली असती? मॉडेल त्याहून फारसं सरस नसेल, तर प्रबंधात तसं स्पष्ट लिहा. तोही निष्कर्षच आहे.

आणखी एक. पॅनेलमधला कुणी सगळ्यांनाच ७-८ देतो, कुणी २ पासून ९ पर्यंत फिरतो. प्रत्येकाच्या गुणांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करून बघा. मोजकीच मापं आणि सहा नमुने असताना रँडम फॉरेस्टपेक्षा साधं पीएलएस रिग्रेशन (मापं आणि गुण यांच्यातलं सरळ रेषेचं नातं शोधणारी पद्धत) जास्त प्रामाणिक ठरतं. पुढच्या वेळी हाच करदंट सहाव्यांदा चाखायला देण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशीचे, वेगवेगळ्या घाण्यांचे नमुने जमवा. श्रम तेवढेच, शिकायला मिळेल ते कितीतरी जास्त.

प्रश्न : संकेश्वरजवळ आमचा मसाल्याचा छोटा कारखाना आहे. संकेश्वरी मिरची महागली, म्हणून थोडी दुसरी मिरची मिसळायचा विचार आहे. गिऱ्हाइकाला कळेल का, हे सॉफ्टवेअर सांगेल?

इथे सॉफ्टवेअर लागतच नाही. तीन वाट्या द्या, दोन एकसारख्या, एक वेगळी, आणि वेगळी कोणती ते विचारा. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर सांगतोच, म्हणजे ३० जणांत साधारण १०. १५ किंवा जास्त जणांनी अचूक ओळखली, तर फरक कळतोय असं धरा. निव्वळ योगायोगाने एवढे बरोबर येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असते. मात्र १२-१३ जणांनीच ओळखली म्हणून ‘कुणालाच कळत नाही’ असं म्हणता येणार नाही. ते ठामपणे म्हणायला बरीच जास्त माणसं लागतात.

मसाला कोरडा चाखायला देऊ नका, ज्या आमटीत तो घरोघरी पडतो तीच करून द्या. रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून उजेड मंद ठेवा. तिखट जिभेवर रेंगाळतं आणि पाण्याने हटत नाही, म्हणून दोन घासांच्या मध्ये ताक द्या आणि थोडं थांबा.

प्रश्न : आम्ही ऑनलाइन लोणची विकतो. शेकडो अभिप्राय आहेत, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठीसुद्धा. ते मशीनकडून वाचून घेऊन चव सुधारता येईल?

काही अंशी. आधी दोनेकशे अभिप्राय दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या आणि प्रत्येक तक्रार कशाबद्दल आहे ते लिहून ठेवा : मीठ, तेल, फोडीचा कडकपणा, फुटलेली बाटली, उशिरा आलेलं पार्सल. मग मॉडेलने लावलेली वर्गवारी त्याच्याशी ताडून बघा, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अक्षरांतले अभिप्राय वेगवेगळे काढून. एकत्र टक्केवारी चांगली दिसते आणि कन्नड गिऱ्हाइकाचं म्हणणं त्यात बुडून जातं. नुसत्या ताऱ्यांवर तर चव ठरवूच नका. तेल गळलेल्या बाटलीला एक तारा मिळतो, आतलं लोणचं कितीही छान असलं तरी.