सत्तरीचं आयुष्मान कार्ड काढू की ईसीएचएस ठेवू?

माजी सैनिकांच्या घरांतून अलीकडे एकच प्रश्न वारंवार येतो. ‘फौजेचं ईसीएचएस आहेच. वर सत्तरी ओलांडलेल्यांचं पाच लाखांचं आयुष्मान कार्डही काढलं, तर दोन्ही वापरता येतील ना?’ (ईसीएचएस म्हणजे निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबासाठी असलेली सरकारी आरोग्य योजना; आयुष्मान ही केंद्र सरकारची मोफत उपचारांची योजना.)

भांडुपचे एक हवालदार काका हेच विचारायला आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) पायदळातून १९९५ मध्ये निवृत्त, मूळचे साताऱ्याकडचे, वय बहात्तर. सोबत काकू, मुलगा आणि त्यांच्याच वयाचे एक मित्र. मुलाने मोबाइलवर अर्ज उघडूनच ठेवला होता.

काकांची तक्रार खरी होती. पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्यात, जायचं म्हणजे सकाळची लोकल, मग रांग, मग मोठ्या रुग्णालयासाठी रेफरलची चिठ्ठी. इतकं करूनही कधी कधी औषध शिल्लक नाही. “ताई, कार्ड दाखवलं की थेट मोठ्या हॉस्पिटलात घेतात म्हणे. मग हा त्रास कशाला?”

आधी नियम सांगितला. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या आयुष्मान वय वंदना कार्डाला उत्पन्नाची अट नाही, आधारवर वय सत्तर पूर्ण असलं की झालं. मात्र ईसीएचएस किंवा केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएससारख्या सरकारी योजनेत असलेल्यांना दोन्ही ठेवता येत नाहीत. एक निवडावी लागते. आणि एकदा निवडलं की मागे फिरता येईल, असं गृहीत धरून बटण दाबू नये.

मग मी काकूंकडे वळले. तोवर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांचं वय पासष्ट, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. गोळ्या कुठून येतात, असं विचारलं. “ह्यांच्याच कार्डावर, दर महिन्याला,” त्या म्हणाल्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथेच. वय वंदना कार्ड सत्तरी पूर्ण केलेल्या माणसाचं असतं. त्याच्या पासष्ट वर्षांच्या बायकोला त्यात जागा नाही. काकांनी ईसीएचएस सोडली असती, तर काकूंचे उपचार कशावर चालले असते? शिवाय आयुष्मान योजना भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. भरतीआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस त्यात धरतात, पण दर महिन्याच्या गोळ्या आणि तपासण्या नाहीत. ईसीएचएसमध्ये त्या मिळतात आणि उपचाराच्या खर्चाला पाच लाखांसारखी मर्यादाही नाही. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना तर वर्गणीही माफ आहे. काका त्यातलेच. उद्या काकांचं काही बरंवाईट झालं, तरी कुटुंब निवृत्तिवेतनावर काकूंचं सदस्यत्व पुढे चालतं.

हे शेवटचं वाक्य मी काकूंकडे बघून मुद्दाम दोनदा सांगितलं. अशा घरांत कागदपत्रांची चर्चा बहुतेक वेळा बाप-लेकांतच होते, आणि तिचे परिणाम मात्र बाईला भोगावे लागतात.

लगेच पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढायला लावला. त्यात काकूंचं नाव एक, आधारवर दुसरंच! ही गोष्ट मी फार घरांत पाहिली आहे. लग्नानंतरचं नाव, जन्मतारखेतला फरक, सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला कधी कळवलंच नाही. नवरा हयात असताना ही दुरुस्ती पुष्कळ सोपी असते, एकट्या विधवेला ती फार दमवते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज कसा करायचा हे विचारून पुढच्याच आठवड्यात जा, असं मुलाला बजावलं.

राहिला रेफरलचा त्रास. छातीत कळ आली, पडून हाड मोडलं, तर आधी पॉलिक्लिनिकला धावायची गरज नाही. पॅनेलवरच्या, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेल्या, रुग्णालयात थेट न्यायचं आणि ईसीएचएस कार्ड दाखवायचं; ४८ तासांत ईसीएचएसला कळवण्याचं काम रुग्णालयाचं. पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात न्यावं लागलं, तर ४८ तासांत घरच्यांनी कळवायचं. तिथे बिल आधी आपण भरायचं, परतावा मंजूर दरांनी मिळतो, म्हणून फरक खिशातून जाऊ शकतो. घराजवळची पॅनेलवरची दोन रुग्णालयं आजच शोधून नावं फ्रिजवर लावा, असं सांगितलं. औषध नसेल तर रिकाम्या हाताने परत फिरू नये. ‘उपलब्ध नाही’ अशी नोंद करून घ्यावी आणि बाहेरून घेतलेल्या औषधाच्या परताव्याचे नियम तिथेच विचारावेत.

मुलाच्या कंपनीची पॉलिसीही आई-वडिलांना लागू होती. ती राहू द्यायला हरकत नाही. फक्त एकाच खर्चाचे पैसे दोन ठिकाणांहून पुरेपूर घेता येत नाहीत, म्हणून कोणत्या बिलासाठी कुठे दावा केला याची नोंद आणि कागदांच्या प्रती ठेवाव्यात.

काकांचे मित्र इतका वेळ ऐकत होते. फौजेत काही वर्षं काढून पेन्शन लागायच्या आत घरच्या अडचणीमुळे परतलेले, वय चौऱ्याहत्तर. “मग माझं काय?” त्यांनी विचारलं. शिपाई म्हणून पेन्शनविना आल्यामुळे त्यांच्याकडे ईसीएचएस नव्हती. एक छोटी खासगी पॉलिसी होती, ती या कार्डाच्या आड येत नाही. उलट दोन्ही जवळ ठेवता येतात. मुलाने मोबाइलवर उघडलेला अर्ज बंद केला, काकांचा आधार क्रमांक पुसला आणि त्यांच्या मित्राचा भरायला घेतला.