धडाची हाडं पाठच होत नाहीत, सगळे मणके सारखेच दिसतात, काय करू?

तुम्ही लिहिलंय की फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष आहे, पुढच्या महिन्यात प्रॅक्टिकल आहे आणि मणका हातात दिला की तो मानेचा की कमरेचा हेच कळत नाही, बरगड्यांचं तर विचारूच नका. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना अ‍ॅनाटॉमी शिकवते, त्यामुळे ही तक्रार मला चांगली ओळखीची आहे. माझं स्पष्ट मत आहे की पाठांतर नंतर, आधी हाड हातात घेऊन विचारायचं की याच्यावर भार किती येतो, याला कोण जोडलेलं आहे आणि याच्यातून किंवा याच्या कडेने काय जातं. आकार त्यावरूनच ठरलेला असतो.

आकडे एकदाच बघून घ्या. मोठ्या माणसाच्या धडात 51 हाडं, पाठीच्या कण्यात 26, बरगड्या 24 आणि छातीचं मधलं हाड म्हणजे स्टर्नम 1. कण्यातले 26 म्हणजे मानेचे 7, छातीचे 12, कमरेचे 5, मग सॅक्रम (कमरेखालचं त्रिकोणी हाड) आणि माकडहाड. सॅक्रम हा मुळात 5 मणक्यांचा असतो, ते वाढीच्या वयात जुळत जाऊन विशीच्या मध्यापर्यंत एकच हाड होतं. कॉलरबोन, खांद्याचं हाड आणि कमरेचं हिप बोन धडाजवळच दिसतात पण ते हातापायांच्या हाडांत मोजतात, तिथे बरीच मुलं मार्क घालवतात.

आता मणका. आधी दोन्ही बाजूंना निघालेले ट्रान्सव्हर्स प्रोसेस बघा, त्यात भोक आहे? मग तो मानेचा, दुसरा कुठलाच असू शकत नाही, कारण त्या भोकांमधून मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल आर्टरी वर चढते (सहसा सहाव्या मणक्यापासून, सातव्याच्या भोकातून ती बहुतेक वेळा जात नाही). भोक नाही, पण बॉडीच्या, म्हणजे मणक्याच्या पुढच्या जाड भागाच्या, कडेला बरगडी टेकायची गुळगुळीत जागा आहे? छातीचा. दोन्ही नाही आणि बॉडी चांगली जाडजूड, मूत्रपिंडाच्या आकाराची? कमरेचा. मानेला फक्त डोक्याचं वजन पेलायचं असतं म्हणून तिथली बॉडी लहान, आणि कमरेवर वरच्या सगळ्याचं वजन येतं म्हणून तिथली सगळ्यात मोठी. एवढं डोक्यात बसलं की ओळखायला दोन सेकंद पुरतात.

पहिले दोन मणके मात्र वेगळे शिका. पहिल्याला, अ‍ॅटलसला, बॉडीच नाही, नुसतं कडं, आणि दुसऱ्याला वर आलेला खुंट आहे, डेन्स. आपण मान हलवून हो म्हणतो ते मुख्यतः कवटी आणि अ‍ॅटलसच्या सांध्यात आणि नाही म्हणतो ते मुख्यतः अ‍ॅटलस त्या खुंटाभोवती फिरतो म्हणून. तुम्ही फिजिओला आहात, तेव्हा हा सांधा आयुष्यभर लागणार आहे.

बरगड्यांच्या 12 जोड्या, पुरुषात आणि बाईतही 12च, हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच. वरच्या 7 स्वतःच्या कूर्चेने थेट स्टर्नमला जोडलेल्या, 8 ते 10 वरच्या कूर्चेला धरून, आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. पण मला हे वर्गीकरण महत्त्वाचं वाटत नाही, हालचाल महत्त्वाची वाटते. श्वास आत घेताना वरच्या बरगड्यांमुळे स्टर्नम पुढे आणि वर जातो आणि खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाहेर उचलल्या जातात, दोन्ही हात छातीच्या कडांवर ठेवून खोल श्वास घ्या, लगेच जाणवेल. श्वसनाचे बरेच व्यायाम यावरच उभे आहेत.

आणि स्वतःच्या अंगावर हाडं मोजायला शिका, ही सवय मी सगळ्यांना आग्रहाने लावते. गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवा आणि स्टर्नमवरून सरळ खाली या, साधारण 5 सेंटीमीटरवर आडवा उंचवटा लागतो, तो स्टर्नल अँगल. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी. पहिली कॉलरबोनखाली दडलेली असते, नीट लागत नाही, म्हणून मोजणी नेहमी दुसरीपासून. ईसीजीचे छातीवर लावायचे पहिले दोन लीड बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत लावतात तेही इथूनच मोजून. तसंच कमरेवर दोन्ही बाजूंचे हिप बोनचे वरचे काठ धरून मागे रेघ ओढली की ती चौथ्या लंबर, म्हणजे कमरेच्या, मणक्याच्या आसपास येते. स्पायनल कॉर्ड (मज्जारज्जू) मोठ्या माणसात पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्यापाशीच संपतो, म्हणून पाठीतलं पाणी काढायची सुई त्या रेघेच्या जवळपास, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे घालतात.

प्रॅक्टिकलला बरगडी डावी की उजवी हे हमखास विचारतात. डोकं असलेलं टोक मागे, खोलगट बाजू आत, आणि आतल्या बाजूने जी खाच धावते तो काठ खाली, या तीन गोष्टी जमल्या की बाजू आपोआप कळते. त्या खाचेत वरून खाली शीर (व्हेन), धमनी (आर्टरी), नस (नर्व्ह) असा क्रम असतो, त्यामुळे छातीतलं पाणी काढताना सुई बरगडीच्या वरच्या काठाला लागून घालतात, हेही सांगून टाका, परीक्षकांचा पुढचा प्रश्न बहुतेक तोच असतो. फक्त पहिल्या बरगडीला हा नियम लावू नका, ती चपटी आणि सगळ्यात जास्त वळलेली असते, तिच्यावर खाली खाच नसते, वरच्या पृष्ठभागावर सबक्लेव्हियन (कॉलरबोनखालून जाणाऱ्या) शीर आणि धमनीच्या दोन खाचा असतात, त्या वर ठेवून बाजू ठरवा.