डेकवर साचणारे पाणी आणि राखीव निधी: खर्च कोणत्या क्रमाने करावा?

आपले सविस्तर पत्र वाचले. आपल्याकडे सुमारे साडेपाच मीटर लांबीची, हौसेने बाळगलेली फायबरग्लासची बोट आहे. पाऊस पडला किंवा लाट आत आली की तिच्या डेकच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात पाणी साचते आणि तासन्‌तास तसेच राहते. दुरुस्ती करणाऱ्या यार्डाने संपूर्ण डेक उघडून आतला लाकडी गाभा बदलण्याचे दरपत्रक दिले असून ती रक्कम अशाच सुस्थितीतील बोटीच्या बाजारभावाच्या 40 टक्के आहे. हे पैसे उभे करायचे तर सहा महिन्यांच्या घरखर्चासाठी ठेवलेला निधी मोडावा लागेल, नाहीतर तीन वर्षांचे वैयक्तिक कर्ज काढावे लागेल. दुसरीकडे, आहे त्या स्थितीत बोट घेण्यास तयार असलेला एक ग्राहक त्याच बाजारभावाच्या 70 टक्के देऊ करतो आहे. दुरुस्ती करावी की विकून मोकळे व्हावे, असा आपला प्रश्न आहे.

माझे मत असे की, या घडीला यांपैकी काहीच करू नये. दोन्ही पर्याय एकाच गृहीतकावर उभे आहेत, ते म्हणजे डेकचा गाभा कुजला आहे, आणि तो खरोखर कुजला आहे की नाही हे अद्याप कोणीही तपासलेले नाही. यार्डाने वरून पाहून दरपत्रक दिले आणि ग्राहकाने साचलेले पाणी पाहून किंमत कमी केली. पाणी साचणे हे लक्षण आहे आणि त्याची कारणे अनेक असू शकतात. त्यांतील काही अगदी थोड्या खर्चात दूर होतात.

आपल्या पत्रातील एका वाक्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. दोन वर्षांपूर्वी जुने टू-स्ट्रोक इंजिन काढून त्याच ताकदीचे फोर-स्ट्रोक इंजिन बसवल्याचे आपण ओघात लिहिले आहे, आणि पाण्याची तक्रारही साधारण तेव्हापासूनची आहे. समान ताकदीचे फोर-स्ट्रोक इंजिन बहुधा जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा वजनदार असते. हे वाढीव वजन बोटीच्या अगदी टोकाला लटकत असल्यामुळे मागचा भाग खाली बसतो, डेकचा उतार बदलतो आणि पाणी बाहेर जाण्याची भोके, म्हणजे स्कपर, बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या जवळ येतात. तसे झाले असेल तर डेक पूर्ण नवा केला तरी पाणी पुन्हा त्याच कोपऱ्यात जमेल आणि 40 टक्के रक्कम खर्चूनही मूळ तक्रार तशीच राहील.

हे तपासणे सोपे आहे. बोट जमिनीवर ट्रेलरवर समतल ठेवून डेकवर दोन बादल्या पाणी ओतावे आणि ते कसे वाहते ते पाहावे. मग बोट पाण्यात असताना, नेहमीइतकी माणसे, इंधन व सामान घेऊन तोच प्रयोग करावा. ट्रेलरवर पाणी नीट जात असेल आणि तरंगताना अडत असेल, तर दोष वजनाच्या वाटणीचा आहे. बॅटरी, सुटी इंधन टाकी आणि जड सामान पुढे सरकवून काही फरक पडतो का, ते पाहावे. दोन्ही वेळा पाणी अडत असेल तर स्कपरच्या नळ्या काढून साफ कराव्यात, झडप चिकटली आहे का ते बघावे आणि नळी जोडणीपाशी किती अरुंद आहे ते मोजावे, कारण निचऱ्याचा वेग सर्वांत अरुंद जागा ठरवते. 25 मिलिमीटर व्यासाचे भोक 38 मिलिमीटरचे केले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 2.3 पट होते आणि पालापाचोळ्याने ते बुजण्याचा संभवही घटतो. मात्र नवे भोक पाडताना गाभ्याची उघडी पडलेली कड इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होऊन पाणी रोखणाऱ्या राळेने, पूर्ण बंद केलीच पाहिजे. ही कड उघडी राहिली तर निचऱ्यासाठी केलेले भोकच गाभ्यात पाणी शिरण्याची वाट होते, आणि आज नसलेले मोठे दुखणे उद्या खरोखर उभे राहते. बाहेरच्या कवचात पाणरेषेजवळ बदल करणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवावे.

त्यानंतर गाभ्याची तपासणी, आणि इथे पैसे वाचवू नयेत. प्लास्टिकच्या हलक्या हातोडीने डेकभर ठोकत गेल्यास निरोगी भाग खणखणीत आवाज देतो आणि भिजलेला किंवा थर सुटलेला भाग बद्द वाजतो. ओलावा मोजणारे यंत्रही उपयोगी असते, पण पृष्ठभाग ओला असेल किंवा खाली धातूची वस्तू असेल तर ते फसवे आकडे दाखवते. म्हणून डेक आधी काही दिवस झाकून कोरडा करावा. शंका उरेल तिथे खालच्या बाजूने बारीक छिद्र घेऊन भुसा पाहावा. तो कोरडा व फिकट असला तर चिंता नाही. काळपट व ओला असला तर गाभा गेला आहे. असे छिद्र लगेच इपॉक्सीने बुजवायचे असते. हे काम दुरुस्तीशी काहीही आर्थिक संबंध नसलेल्या, बोटी तपासणाऱ्या सर्वेक्षकाकडून करून घ्यावे आणि ओल्या भागाची हद्द डेकवर आखून, छायाचित्रांसह लेखी अहवाल मागावा.

या अहवालाचे आर्थिक मोल आपल्याला वाटते त्याहून बरेच अधिक आहे. बोटीची सुस्थितीतील किंमत 100 धरू. ग्राहक 70 देतो आहे, म्हणजे 30 तो संशयापोटी कापतो आहे. गाभा कोरडा असल्याचे अहवालातून सिद्ध झाले आणि निचरा सुधारला, तर या 30 पैकी बराचसा भाग आपल्याकडे परत येतो आणि त्यासाठी लागणारा खर्च दरपत्रकाच्या तुलनेत किरकोळ असतो.

आता वाईट शक्यता पाहू. डेकचा मोठा भाग कुजला आहे असे अहवालात निघाले, तर 40 खर्चून 70 ची वस्तू 100 ची होते, म्हणजे 30 च्या मूल्यवाढीसाठी 40 जातात. कर्ज काढल्यास, उदाहरणादाखल वार्षिक 12 टक्के घटत्या शिल्लकीचे व्याज धरून तीन वर्षांत सुमारे 7.8 व्याज भरावे लागेल, आणि एकूण खर्च 47.8 होईल. त्यापेक्षा ही बोट 70 ला विकून, त्यात 30 घालून तशीच पण तपासून घेतलेली दुसरी बोट घेणे स्वस्त पडते. व्यवहाराचा किरकोळ खर्च धरला तरीही. शिवाय गाभा बदलण्याच्या कामात डेक उघडल्यावर नुकसान अपेक्षेपेक्षा जास्त निघणे नेहमीचे आहे, त्यामुळे 40 ही रक्कम कमाल न मानता किमान मानावी.

मधली शक्यता, म्हणजे केवळ त्या कोपऱ्यापुरता गाभा भिजलेला असणे, मला बरीच संभाव्य वाटते. तसे असेल तर तेवढ्याच भागाची दुरुस्ती करावी. दरपत्रक आखलेल्या क्षेत्राचे घ्यावे, त्याबाहेर काम वाढल्यास प्रति चौरस मीटर दर आधीच ठरवावा आणि छायाचित्र पाहून आपण लेखी संमती दिल्याशिवाय जादा भाग कापू नये, अशी अट घालावी. त्या रकमेवर 25 टक्के वेगळे काढून ठेवावेत. हा सर्व खर्च मासिक बचतीतून चार-सहा महिन्यांत निघत असेल तर तो करण्यास माझी हरकत नाही.

विम्यातून हा खर्च निघेल, अशी आशा आपण व्यक्त केली आहे. बोटीच्या बहुतेक विमा पॉलिसी अचानक झालेल्या अपघाताची भरपाई देतात. हळूहळू झालेली झीज व कूज वगळलेली असते. पॉलिसीतील वगळलेल्या बाबींचे पान जरूर वाचावे, पण त्या पैशावर योजना आखू नये.

आपल्या मुलीने याच बोटीवर सुकाणू हाती धरायला शिकले, हे आपण लिहिले आहे आणि ते मी गौण मानत नाही. कुटुंबाच्या अंदाजपत्रकात आनंदासाठी जागा असलीच पाहिजे. मात्र ती जागा दरमहा उरणाऱ्या रकमेत आहे. नोकरी गेली किंवा घरात कोणी आजारी पडले तर आधार देणारा सहा महिन्यांचा निधी त्यासाठी वापरू नये, याबाबत माझा आग्रह ठाम आहे.

तपासणी होईपर्यंत वेळ दवडणेही योग्य नाही. साचलेले पाणी प्रत्येक सैल स्क्रूच्या भोकातून आत शिरण्याची संधी शोधत असते. दीड मीटर लांब, 80 सेंटिमीटर रुंद जागेत सरासरी तीन सेंटिमीटर पाणी साचले तर ते 36 लिटर, म्हणजे 36 किलो वजन होते. बोट कलली की हे पाणी त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. म्हणून निचरा सुधारेपर्यंत खवळलेल्या पाण्यात किंवा भरलेल्या बोटीने जाऊ नये. बोट ट्रेलरवर पुढचा भाग उंच ठेवून उभी करावी, निचऱ्याची तळाची बूच काढून ठेवावी आणि ताडपत्री अशी ताणावी की पाणी तिच्यावर न साचता बाहेर पडेल. यार्डाला आगाऊ रक्कम देऊ नये. दरपत्रकाची मुदत वाढवून लेखी मागावी, आणि त्या ग्राहकालाही सर्वेक्षण होईपर्यंत थांबण्याची स्पष्ट विनंती करावी. तो थांबला नाही तरी चालेल, कारण गाभा कुजलेलाच निघाला तर अहवाल पुढच्या ग्राहकासमोर प्रामाणिकपणे ठेवून बोट विकता येईल, आणि कोरडा निघाला तर 70 ला ती विकण्याचे कारणच उरणार नाही.